अंगठ्याच्या हाडाचं ऑपरेशन : सहा आठवडे आणि त्यानंतरचे दहा महिने

२०२३ च्या दिवाळीत, अभ्यंगस्नानाच्या सकाळी, माझ्या उजव्या पायातलं जोडवं निघेना. साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळून पाहिला. अंगठा इतका झुकला होता की दुसऱ्या बोटाखाली जाऊन बसला होता, आणि ते बिचारं बोट वर उचललं जाऊन मधल्या सांध्यात घडी घातल्यासारखं वाकलं होतं. घडीच्या टोकावर कुरूप, आणि जोडवं त्या घडीच्या मागे अडकलेलं. भाऊबीज झाल्यावर सोनाराकडे गेले. त्यांनी पकडीने ते कापून काढलं. लग्नाला तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती. सासूबाई रिकाम्या बोटाकडे बघत राहिल्या, बोलल्या काही नाहीत. चांदीचे दोन तुकडे कागदात बांधून त्यांनी देवघराच्या खणात ठेवले.

मी साताऱ्यात एका अनुदानित शाळेत शिकवते. दिवसाला सहा तासिका, सगळ्या उभ्याने. अंगठ्याच्या बुडाशी उंचवटा यायला लागून आठ-दहा वर्षं झाली असतील. आईलाही तसाच होता, त्यामुळे हे आपल्या घराण्यातलंच म्हणून सोडून दिलं. मग चपला बदलल्या, मोच्याकडून पट्टे सैल करून घेतले, बोटांच्या मधे घालायचा सिलिकॉनचा तुकडा आणला, रात्री बांधायचा पट्टा आणला. त्यांनी घासणं कमी झालं, दुखणं थोडं कमी झालं, पण अंगठा काही सरळ झाला नाही. होतही नाही, हे मला पुढे कळलं.

जानेवारी २०२४ मध्ये साताऱ्यातल्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पुण्यातल्या, फक्त पाय आणि घोट्याचं काम करणाऱ्या सर्जनकडे चिठ्ठी दिली. फेब्रुवारीत तिथे गेलो. सोबत नेलेला एक्स-रे त्यांनी बाजूला ठेवला, कारण तो झोपवून काढलेला होता. पायाचा हा एक्स-रे उभं राहून, पायावर वजन असतानाच काढायचा असतो, नाहीतर हाड खरं किती सरकलंय ते दिसत नाही. माझे सहाशे रुपये दुसऱ्यांदा गेले. तुम्ही आधीच विचारून घ्या.

डॉक्टरांनी फिल्मवर पेनाने रेघा मारून दाखवल्या. इतकी वर्षं माझा समज होता की तिथे हाड "वाढलंय", आणि ते घासून काढलं की झालं. तसं नसतं. तळपायातलं अंगठ्याचं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेने बाहेर सरकतं, आणि अंगठा उलट बाजूला, बोटांकडे झुकतो. आपल्याला जो उंचवटा दिसतो ते त्या सरकलेल्या हाडाचं टोक असतं. नुसतं घासलं तर अंगठा परत झुकायला मोकळाच. अंगठ्याचा कोन साधारण १५ अंशांपर्यंत चालतो, माझा ३६ होता. त्यांनी एक प्रश्न दोनदा विचारला, "दुखतंय म्हणून करायचंय की दिसायला वाईट दिसतं म्हणून?" नुसतं दिसण्यासाठी हे ऑपरेशन मी करत नाही, असं ते स्पष्ट म्हणाले. मी कुरुपावरचं रक्त आलेलं दाखवलं.

मग मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, "सहा आठवडे विशेष बूट." मी डोक्यात लिहून घेतलं, सहा आठवडे. पुढच्या सगळ्या मनस्तापाचं मूळ या दोन शब्दांत आहे. डॉक्टरांच्या सहा आठवड्यांचा अर्थ हाड धरायला लागणारा वेळ. मी त्याचा अर्थ "सहा आठवड्यांनी मी पूर्वीसारखी" असा घेतला. सूज पूर्ण उतरायला सहा महिने ते वर्ष लागतं, हेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते आठवतं. मला ते वाक्य ऐकल्याचंच आठवत नाही. म्हणून सांगते, पहिल्या भेटीला कुणाला तरी सोबत न्या आणि त्याला वही द्या.

ऑपरेशन उन्हाळ्याच्या सुट्टीत बसवायचं ठरलं. पण एप्रिलमध्ये लोकसभेच्या ड्युटीचा आदेश आला. साताऱ्याचं मतदान ७ मेला होतं. वैद्यकीय कागद जोडून सूट मागता आली असती, पण ऑपरेशन नंतरचं, तेव्हा आधीपासून सवलत मागायला माझं मन घेईना. ६ तारखेला साहित्य घ्यायला रांग, ७ ला पहाटे साडेपाचला अभिरूप म्हणजे चाचणीचं मतदान, सात ते सहा मतदान, आणि मग साहित्य जमा करायला रात्री अकरापर्यंत पुन्हा रांग. घरी येऊन पाय बादलीत घातला तेव्हा १६ मे ही ऑपरेशनची तारीख मला पहिल्यांदा जवळची वाटली.

मधल्या आठ दिवसांत मेडिक्लेम. ठरवून केलेल्या ऑपरेशनला कॅशलेसची पूर्वमंजुरी तीन-चार दिवस आधी टाकावी लागते. आमची पॉलिसी सहा वर्षं जुनी, त्यामुळे आधीपासूनच्या आजारासाठी थांबायची मुदत उलटून गेलेली. तरी कंपनीकडून दोन प्रश्न आले : त्रास कधीपासून आहे, आणि ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी आहे का? दुसरा प्रश्न वाचून मला रडू आलं. डॉक्टरांनी लेटरहेडवर चार ओळी दिल्या : वेदना, कुरूप, कोनाचे आकडे आणि इतर उपाय करून झाल्याचा उल्लेख. सोबत उभ्याचा एक्स-रे जोडला. १४ तारखेला मंजुरी आली. ते पत्र डॉक्टरांकडून मागून घेऊन फाइल पाठवतानाच जोडलं असतं तर दोन दिवसांचा जीव टांगणीला लागणं वाचलं असतं.

रक्ताच्या तपासण्यांत बाकी सगळं ठीक होतं, फक्त ड जीवनसत्त्व ११ निघालं. पुरेसं म्हणायला किमान २० तरी लागतं. आठवड्याला ६०,००० युनिटची एक पुडी दुधातून, आठ आठवडे, असं लिहून दिलं. ही तपासणी मी फेब्रुवारीतच करून घ्यायला हवी होती. तेव्हा करून उपचार सुरू झाले असते तर मेपर्यंत पातळी वर आली असती. मी ती ऑपरेशनच्या आठवड्यात केली.

१६ मे, गुरुवार. सकाळी सहाला भरती. उजव्या पोटरीवर मार्करने बाण काढला. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला, वर थोडी गुंगी. बारीक करवतीचा आवाज येत होता, लांबून कुठेतरी फर्निचरचं काम चालल्यासारखा. दुखत काहीच नव्हतं. दीड तास लागला. लांब हाड उभं कापून जागेवर सरकवलं आणि दोन स्क्रू बसवले. अंगठ्याच्या हाडातून छोटी पाचर काढून तिथे एक. दुसऱ्या बोटाचा वाकलेला सांधा काढून बोट सरळ केलं आणि टोकातून एक तार आरपार घातली.

रात्री दोनला बधिरपणा उतरला. ती रात्र कठीण गेली, हे लपवत नाही. दुखायला लागायची वाट बघू नका. गोळी घड्याळाप्रमाणे घ्या, दुखो वा न दुखो. मी रात्री दहाची गोळी "आत्ता काही होत नाहीये" म्हणून नर्सला परत केली होती.

१८ तारखेला डिस्चार्ज. बिल १,६८,४०० रुपये झालं, कंपनीने १,४९,७०० मंजूर केले, १८,७०० आम्ही भरले. त्यात हातमोजे, ड्रेसिंगचं साहित्य, असल्या बाबी होत्या. अंतिम मंजुरीला दुपारी बारापासून संध्याकाळी सहापर्यंत बसवलं. आमच्यानंतर अकरा दिवसांनी, २९ मे २०२४ ला, विमा नियामक प्राधिकरणाचं परिपत्रक आलं. त्यात पूर्वमंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची मंजुरी तीन तासांत द्यायची, असं आहे. तुमच्यावर वेळ आली तर ते मोबाइलमध्ये ठेवा आणि काउंटरवर दाखवा.

पुण्याहून सातारा. मागच्या सीटवर दाराला पाठ लावून, पाय तीन उशांवर. खंबाटकीच्या घाटातली वळणं माझ्या पायाने एकेक मोजली.

पहिले दोन आठवडे पाय छातीपेक्षा वर ठेवायचा होता. तासाभरात पाच-दहा मिनिटंच खाली. इथे एक गोष्ट आम्हाला चुकत-माकत कळली : उशी टाचेखाली ठेवायची नाही, पोटरीखाली ठेवायची आणि टाच अधांतरी राहू द्यायची. आम्ही टाचेखाली ठेवली, आणि चौथ्या दिवशी ऑपरेशनच्या जागेपेक्षा टाचच जास्त दुखायला लागली, लाल झाली. पांघरुणाचाही त्रास. बोटाच्या टोकातून तार बाहेर आलेली, तिच्यावर निळा मणी, आणि चादर त्या मण्याला अडकली की डोळ्यांपुढे काजवे. मुलाने मिक्सरच्या खोक्याच्या दोन बाजू कापून त्याचा बोगदा केला. त्यात पाय, आणि वरून चादर. सहा आठवडे तो बोगदा माझ्या पलंगावर होता.

आंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, पायाला दोन पिशव्या एकावर एक आणि वर चिकटपट्टी. पोटात रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं होती, दहा दिवस. ती द्यायला हे नर्सकडून शिकून आले होते. घोटा वरखाली हलवत राहायचा, जागी असेन तेव्हा दर तासाला. संडास कमोडचा नसेल तर त्याची सोय ऑपरेशनच्या आधी करा. पुढे तीन पायऱ्या चढायला लागले तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे लक्षात ठेवायला मी भिंतीवर खडूने लिहिलं होतं. आणि तो विशेष बूट, पुढचा भाग अधांतरी आणि वजन सगळं टाचेवर, १,८०० रुपये. तो उंच असतो, म्हणून दुसऱ्या पायात तेवढ्याच उंचीची चप्पल घाला. मी दहा दिवस घरात एका पायाने अनवाणी हिंडले आणि कंबर धरली.

३० मेला टाके निघाले. पाय पहिल्यांदा उघडा पाहिला. अंगठा सरळ होता! जखम आतल्या बाजूला, बोटाएवढी लांब. रंग पिवळा-जांभळा, बोटं फुगलेली. तरी मी परतीच्या वाटेवर मुख्याध्यापिका बाईंना फोन करून सांगितलं, १ जुलैला हजर होते.

शाळा १५ जूनला सुरू झाली. त्या दिवसापासून वैद्यकीय रजा. अर्ज दोन प्रतींत, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र. त्यात आजाराचं नाव, ऑपरेशनची तारीख आणि किती दिवस विश्रांती हवी ते असावं. अर्धवेतनी रजा शिल्लक होती, ती परिवर्तित करून घेतली. म्हणजे पगार पूर्ण मिळतो, पण खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. शिल्लक किती आहे ते सेवापुस्तिकेत आधीच बघून ठेवा. आमच्या लिपिक दादांनी दोन वर्षांच्या राहिलेल्या नोंदी त्या निमित्ताने पूर्ण करून घेतल्या.

२७ जून. बरोबर सहा आठवडे. या तारखेवर मी कॅलेंडरात लाल गोल केला होता. तार काढायला भूल देत नाहीत. पकडीने धरून सरळ ओढतात. मला त्याची सगळ्यात जास्त भीती होती आणि ते पाच सेकंदांत झालं. दुखलं नाही, बोटातून दोरा सरकल्यासारखं विचित्र वाटलं. मग एक्स-रे. डॉक्टर बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. हाड जागेवर आहे, पण कापलेली रेघ अजून स्पष्ट दिसते, भरायला वेळ घेतंय. ड जीवनसत्त्व कमी होतं, त्याचा हातभार असू शकतो. बूट आणखी तीन आठवडे. १ जुलै विसरा.

गाडीत मी काही बोलले नाही. घरी आल्यावर सासूबाईंच्या शेजारी बसून खूप रडले.

जुलै महिना मी कधी विसरणार नाही. पाय खाली सोडला की दोन मिनिटांत वांग्यासारखा जांभळा व्हायचा. मला वाटलं रक्त थांबलंय. फोटो पाठवला. उत्तर आलं, वर ठेवल्यावर रंग परत येतो ना? येत असेल तर घाबरू नका. पोटरी एकदम सुजून दुखायला लागली, धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर मात्र लगेच या. ही चार लक्षणं मी फ्रिजवर चिकटवली. त्याने बाकीच्या भीतीला कुंपण पडलं.

भेटायला येणारी माणसं मायेनेच यायची, पण प्रश्न एकच, "अजून बरं नाही?" चुलतसासूबाई म्हणाल्या, "माझे दोन्ही गुडघे बदलले तर मी दुसऱ्या दिवशी उभी होते." त्या गेल्यावर मी डॉक्टरांना हेच विचारलं. ते म्हणाले, गुडघ्यात धातूचा सांधा सिमेंटने बसवतात, तो त्याच दिवशी वजन घेतो. तुमच्यात आम्ही तुमचंच हाड कापलंय, ते शरीराने स्वतः सांधायचं. आणि पाऊल शरीरातलं सगळ्यात खालचं टोक. तिथलं पाणी वर चढायला वेळ लागणारच. एवढं साधं उत्तर मला कुणीतरी मेमध्ये पाठ करून घ्यायला हवं होतं. पुढे जो येईल त्याला मी तेच सांगत गेले.

दरवर्षी माउलींची पालखी लोणंदला आली की मी तरडगावपर्यंत चालते. चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण डोळ्यांत साठवायचं आणि परत यायचं. त्या वर्षी ते टीव्हीवर पाहिलं, पाय खोक्यावर ठेवून. घोडा धावला तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला होता.

त्याच आठवड्यात मुलीने शिवणाच्या डब्यातली टेप आणली. म्हणाली, "तू रोज म्हणतेस काहीच फरक नाही. मोजू या." पावलाच्या सगळ्यात रुंद भागाचा घेर, रोज सकाळी उठल्याउठल्या आणि रात्री झोपताना. डावा पाय २२.५ सेंटिमीटर. उजवा, ८ जुलैला : सकाळी २४.२, रात्री २५.८. पहिला आठवडा आकडे जागचे हलले नाहीत आणि मी टेप फेकून देणार होते. पण मुलीने वही ठेवली. महिन्याने मागची पानं पाहिली तर सकाळचा आकडा पाच मिलिमीटरने उतरला होता. रोजच्या रोज बघून हे कळलं नसतं. ज्यांचं बरं होणं रेंगाळलंय त्यांना मी हीच एक गोष्ट हात जोडून सांगेन : टेप घ्या, लिहा, आणि कालच्याशी नव्हे, महिन्यापूर्वीच्या पानाशी ताडून बघा.

फिजिओथेरपी १ जुलैपासून, आठवड्याला तीनदा, एकूण बारा वेळा, घरी येऊन ४०० रुपये. अंगठा हाताने धरून वर-खाली, दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमिनीवर टॉवेल टाकून बोटांनी गोळा करायचा. व्रणावर खोबरेल तेलाने गोल गोल चोळायचं, तो आतून चिकटू नये म्हणून. पहिल्या दिवशी अंगठा हलेचना, जणू तो माझा नव्हताच. विम्याचं सांगते : आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे ६० दिवसच धरतात, म्हणजे १७ जुलैपर्यंत. आठ वेळांचे पैसे मिळाले, चारचे, म्हणजे १,६०० रुपये, गेले. फिजिओथेरपी किती वेळा हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून घ्या आणि पावत्या तारीखवार घ्या, त्याशिवाय मिळालेही नसते.

१८ जुलैला बूट सुटला. साधे, पुढून रुंद, कडक तळाचे स्पोर्ट शूज घेतले, उजव्या पायाला बसतील असे, एक नंबर मोठे. ते संध्याकाळीच घ्या, सूज असताना. तिसऱ्या दिवशी मी हौसेने मंडईपर्यंत चालत गेले आणि भाजी घेऊन आले. रात्री २६.१! दुसऱ्या बोटाच्या बुडाशी, तळव्यात, खडा टोचल्यासारखं दुखायला लागलं. चार दिवस पुन्हा पाय वर. मग फिजिओथेरपिस्ट बाईंनी हिशोब लावून दिला : आज दहा मिनिटं चाला, सकाळी उठल्यावर सूज कालच्याइतकीच असेल तर उद्या बारा. वाढली असेल तर परत आठ. सकाळचा आकडा हा परवाना.

८ ऑगस्टला, बारा आठवड्यांनी, हाडाची रेघ पुसट झालेली दिसली. १२ ऑगस्टला हजर झाले. रजा ५८ दिवसांची, खात्यातून ११६ गेले. रुजू होताना तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं, ते ८ तारखेलाच डॉक्टरांकडून घेऊन ठेवलं होतं. नाहीतर एका सहीसाठी पुन्हा पुण्याला जावं लागलं असतं. मुख्याध्यापिका बाईंनी माझा आठवी ब चा वर्ग दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणून दिला. मुलांनी टेबलाखाली माझ्या पायासाठी उलटी बादली ठेवली होती, वर स्वच्छ फडकं घालून. कुणी सांगितलं होतं, ते शेवटपर्यंत बोलले नाहीत.

गणपती ७ सप्टेंबरला आले. उभ्याने मोदक करायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं. मी टेबलाशी बसून पाऱ्या केल्या. गौरीपूजनाच्या दिवशी मात्र राहवलं नाही, दिवसभर उभी राहिले. त्याची भरपाई दोन दिवस केली. मांडी घालून बसणं दसऱ्याच्या सुमारास जमलं, चवड्यांवर बसणं डिसेंबरपर्यंत नाही. स्कूटर मी सप्टेंबरअखेरीस सुरू केली, आधी मैदानात मागचा ब्रेक जोरात दाबून बघून.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं आणि पुन्हा आदेश आला. सहा महिने झाले होते. डॉक्टरांचं पत्र जोडून मी यावेळी अर्ज केला, आणि मला राखीव पथकात ठेवलं. मेमध्ये जे मागायला मन घेत नव्हतं ते मागून मला अजिबात वाईट वाटलं नाही. त्या रात्रीचा आकडा २३.९, सकाळचा २३.१.

जे पूर्ण बरं झालं नाही तेही सांगायला हवं. अंगठ्याच्या आतल्या कडेला रुपयाच्या नाण्याएवढी जागा अजून बधिर आहे. दुसरं बोट मधल्या सांध्यात कायमचं ताठ असणार, ते ऑपरेशनच तसं असतं. शिवाय उभं राहिल्यावर ते जमिनीला पूर्ण टेकत नाही. टाचांच्या चपला संपल्या. पण कुरूप गेलं, रक्त गेलं, आणि सहाव्या तासिकेला मी फळ्यापाशी उभी असते तेव्हा पायाकडे लक्ष नसतं. डावा अंगठाही थोडा झुकलेला आहे. तो दुखत नाही, म्हणून त्याला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांचं आणि माझं एकमत आहे.

मे २०२५ मध्ये वर्ष झालं. वहीतला शेवटचा आकडा सकाळी २२.७, रात्री २३.१. सासूबाईंनी देवघराच्या खणातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. त्याच सोनारांकडे गेले. तुकडे वितळवून नवीन घडवायचं, वेढा बंद न करता मागून उघडा ठेवायचा, म्हणजे हवं तेव्हा सैल करता येईल. त्यांनी दोरा काढला आणि बोटाभोवती गुंडाळायला वाकले. मी म्हटलं, थांबा, आत्ता सकाळचे अकरा वाजलेत. माप संध्याकाळी देते, सात वाजता येते.